तिसरं कोटेशन

"तुमच्या कोटेशनात मशिन किती टनाचं आहे?" साहेबांनी मला विचारलं.

मी उभा होतो. बाकीचे सगळे बसलेले. टेबलावर तीन पाकिटं फोडलेली. त्यातलं एक माझं. वर माझ्या कंपनीचं नाव, खाली माझी सही. मधे काय टाईप केलंय ते मला माहीत नव्हतं.

बेळगावातलं एक सरकारी ऑफिस. ऐंशीनंतरची सालं. तिथं कॉम्प्युटर आला होता. टेबलावरचा नव्हे, कपाटाएवढी यंत्रं, अख्खी खोली भरून. त्या खोलीला खिडकीतले दोन एसी होते, ते पुरत नव्हते. उन्हाळा लागला की यंत्र तापायचं आणि बंद पडायचं. म्हणून खोली गार ठेवायला नवी मोठी यंत्रणा बसवायची होती. त्याची ही कोटेशनं.

"किती टन?" साहेबांनी परत विचारलं. ते धारवाडहून नवीनच बदलून आले होते.

मी टेबलावरचा कागद उलटा वाचायचा प्रयत्न केला.

शेजारच्या खुर्चीत सावकार बसले होते. बेळगावातले मोठे कंत्राटदार, सगळे त्यांना सावकारच म्हणायचे. पहिलं पाकीट त्यांचं. ते म्हणाले, "साहेब, सोडा त्याला. ह्या लोकांना सही करता येते, हेच लई झालं."

साहेब हसले. तक्ता भरणारा कारकून हसला. दारातला शिपाई हसला.

मीबी हसलो.

हे सांगताना आजही माझी मान खाली जाते. अपमान त्यांनी केला, हे खरं. पण हसलो मी. ते हसणं माझ्याकडून कुणी करून घेतलं नव्हतं.

"ह्या लोकांना" म्हणजे कुणाला, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मी निपाणीच्या बौद्ध वस्तीतला. बाप लवकर गेला. आई तंबाखूच्या वखारीत कामाला. मी बेळगावात राहून आयटीआय केलं, रेफ्रिजरेशनचं. वर्गात दुसरा आलो. मग बर्फाच्या कारखान्यात राबलो. कॉम्प्रेसरवर हात ठेवला की आत काय बिघडलंय ते मला कळायचं. त्याच खोलीतले ते दोन एसी दर महिन्याला मीच बघायचो. जाळ्या धुवायच्या, लागला तर गॅस भरायचा. कागदावर मात्र नाव सावकारांचं. मी त्यांचा माणूस.

कोटेशनची भानगड अशी. सरकारी नियमानं कमीत कमी तीन पाहिजेत. एक सावकारांचं. दुसरं त्यांच्या मेव्हण्याचं. तिसरा कुणी परका असला की कागद खरा दिसतो. तो परका मी. चार वर्षांमागं सावकारांनीच सांगितलं होतं, "स्वतःची कंपनी काढ. किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राबणार?" मला लई आनंद झाला. आईच्या नावानं कंपनी काढली. सुभद्रा रेफ्रिजरेशन. लेटरहेड छापून आणले आणि पहिला गठ्ठा सावकारांना दाखवायला नेला. त्यांनी वरचे दहा-बारा कागद काढून घेतले.

"खाली सह्या कर," म्हणाले.

मी केल्या. संपले की परत केल्या.

त्यानंतर मी हरतच गेलो. बेळगावात हरलो, चिकोडीत हरलो, खानापुरात हरलो. हरायलाच मला ठेवलेलं, माझ्या कागदावर सावकार स्वतःपेक्षा जास्त भाव टाईप करून घ्यायचे. सावकारांना काम मिळालं की ते काम करायला परत मलाच बोलावणं. त्या ऑफिसात माझं नाव कुणाला माहीत नव्हतं. शिपाई म्हणायचा, "तिसरं कोटेशन आलं बघा." मी त्यालाबी ओ द्यायचो.

त्या दिवशीची कोटेशनं रद्द झाली. माझ्यामुळं नव्हे. साहेबांना कसलीतरी अट बदलायची होती. महिन्याभरानं परत मागवणार म्हणाले.

मी निपाणीला घरी गेलतो. आई उंबऱ्यात बसून शेजारच्या हौसाक्कांना माझ्या पिशवीतलं लेटरहेड दाखवत होती. तिला वाचता येत नाही. पण तिचं नाव कुठं छापलंय ते तिला ठाऊक होतं. तिथं ती बोट ठेवायची.

"ही खालची सही तुझी व्हय रं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आनि मधी काय लिवलंय?"

"काय न्हाय. कोरा हाय."

"कोऱ्या कागदावर सही केलीस?"

"सावकारांना लागतंय."

आईनं कागद खाली ठेवला. वखारीत तिनं वर्षानुवर्षं कोऱ्या हजेरीवर अंगठे दिले होते. मालकाचा माणूस मागनं पाहिजे ते दिवस भरायचा. मग तिथल्या बायका एक झाल्या आणि वखारीच्या दारात बसल्या. आई त्यात होती. उन्हात भोवळ येऊन पडली, तोंडावर पाणी मारून घेतलं आणि परत तिथंच बसली. तेव्हापासनं त्या बायका हजेरी कुणाकडनं तरी वाचून घ्यायच्या आणि मगच अंगठा द्यायच्या.

"आमाला वाचाय येत न्हवतं, म्हनून आमी फसलो," आई म्हणाली. "तुला तर येतंय. तुला कुनी फसवलं रं?"

हौसाक्का उठून गेल्या. त्यांच्यापुढं आई असं बोलली, ह्याचीच मला आधी लाज वाटली. खरी लाज नंतर आली, हळूहळू, अंगभर. मला कुणी फसवलं नव्हतं. कामं मिळत राहावीत म्हणून मी तिचं नाव भाड्यानं देत होतो.

महिन्यानं सावकारांचा कारकून लेटरहेड मागायला आला. म्हणालो, "संपलेत." खोटं बोललो. देणार न्हाय म्हणायचा धीर तेव्हाबी झाला नाही.

पण जाळ्या धुवायच्या निमित्तानं त्या खोलीत गेलो आणि टेप काढून सगळं मापून घेतलं. भिंती, खिडक्या, यंत्रं, दिवे, बसणारी माणसं. एसींची मागची बाजू पाठीमागच्या व्हरांड्यात निघत होती. तो व्हरांडा कुणीतरी पत्रे मारून बंद केलेला, आत जुन्या फायली कोंबलेल्या. एसींनी बाहेर टाकलेली गरम हवा तिथंच कोंडत होती. कितीबी मोठं मशिन आणलं तरी आधी व्हरांडा मोकळा करणं भाग होतं. सावकारांच्या कुठल्याच कागदात हे नसणार, कारण ते त्या व्हरांड्यात कधी गेलेच नव्हते.

एक अख्खा रविवार बसून मी कोटेशन लिहिलं. आयटीआयचं जुनं पुस्तक उघडून इंग्रजी शब्द बघितले. टाईप करायला दिलं नाही. पाकिटाला लाख लावली आणि स्वतः जाऊन ऑफिसातल्या कोटेशनच्या पेटीत टाकलं.

पाकिटं फोडायच्या दिवशी ऑफिसचा कारकून मोजता मोजता थांबला. "साहेब, सुभद्राची दोन आहेत."

माझ्या सहीचा एक जुना कोरा कागद सावकारांकडं शिल्लक होता. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

साहेबांनी दोन्ही कागद माझ्यापुढं सरकवले. "ह्यातलं खरं कुठलं?"

सावकार माझ्याकडं वळले. आवाज एकदम मऊ. "हातानं लिहिलेलं चुकून पडलं म्हण. बाकीचं मी बघतो."

चुकून पडलं, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर पुढच्या महिन्यात जाळ्या धुवायला परत बोलावणं आलं असतं. मला ते खरंच म्हणावंसं वाटलं. हे लपवणार नाही.

मग बोललो. "साहेब, दोन्हीवर सही माझीच हाय. पण हे टाईप केलेलं माझं न्हाय. चार वर्षं मी सावकारांना कोऱ्या कागदावर सह्या करून देत आलोय. हातानं लिहिलेलं माझं. ह्यातलं काय बी विचारा."

ह्या खेपेला कुणी हसलं नाही. मी वाट बघत उभा राहिलो. किती टन ते विचारतील, व्हरांड्याचं विचारतील. साहेबांनी त्यातलं काहीच विचारलं नाही.

"म्हणजे खोटी कोटेशनं दिल्याचं तुम्ही कबूल करता?"

"व्हय."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. सावकारांकडून त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

जिन्यात सावकारांनी गाठलं. "तुला माणसांत आणला मी. आता बेळगावात तुला कोण उभा करतंय तेच बघतो." मी जिना उतरून रस्त्याला लागलो.

थोड्या दिवसांत पत्र आलं. सुभद्रा रेफ्रिजरेशनचं नाव सरकारी कंत्राटदारांच्या यादीतून काढलंय. सावकारांबद्दल एक ओळ नव्हती. त्यांना दुसरा कुणी तिसरा मिळाला आणि काम त्यांनाच गेलं. ती खोली पुढं गार झाली की नाही, मला ठाऊक नाही. निपाणीत मी सोड्याच्या दुकानांतले फ्रिज दुरुस्त करायला लागलो. वस्तीतली माणसं पाठ थोपटायची, शाबास अण्णा म्हणायची. मला ते ऐकवत नव्हतं. चार वर्षं त्यांनी बघितली नव्हती.

इतर ऑफिसांच्या फायलींत माझ्या सहीचे कागद अजून पडून होते. त्यांच्या जोरावर सावकारांचं सगळं कायदेशीर होतं. एक दिवस बसलो आणि आठवेल तेवढं काम न् काम उतरून काढलं. प्रत्येक ऑफिसाला वेगळा अर्ज. "ह्या कामात माझ्या नावानं आलेलं कोटेशन खोटं होतं. सही माझी आहे. मीही दोषी आहे. माझ्यावर कारवाई करा, पण एकट्यावर करू नका."

आईला सगळे अर्ज वाचून दाखवले. पोलीस धरतील काय, असं तिनं विचारलं. धरतील, म्हणालो. मग म्हणाली, "पोच घे. बिनपोचीचा कागद देऊ नगंस."

पहिल्यांदा चिकोडीला गेलो. तिथल्या कारकुनानं अर्ज उभ्या उभ्या वाचला. माझ्याकडं बघितलं, परत वाचला आणि टेबलावरनं माझ्याकडं ढकलला.

"असलं काय घेत न्हाय आमी. डोकं ठिकाणावर हाय न्हवं? घरी जा."

मी अर्ज उचलला नाही. भिंतीला बाकडं होतं, त्यावर जाऊन बसलो. पिशवीत खानापूरचा अर्ज होता, बेळगावचे होते.

"पोच द्या," म्हणालो. "तवर मी हितनं उठत न्हाय."