वेसूमावशीच्या पिकअपला मी काय केलं

“हात लावला नाही! कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही या गाडीला!”

मालाडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एक माणूस काउंटरवर हात आपटून ओरडत होता. सोफ्यावरची गिऱ्हाइकं चहाचे कप तसेच धरून बघत राहिली होती. आवाज असा, की बाहेर धुवायला लावलेल्या गाड्यांचे सायरन आपोआप वाजू लागले. हे मी वाढवून सांगतोय, सवय आहे. पुढचं वाढवलेलं नाही. ओरडणारा तो माणूस मी होतो. आणि गाडीला हात लावणाराही मीच.

हे मी आजवर कोणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. साकीनाक्याला माझं गॅरेज आहे. तिथल्या गल्लीत कोणालाही विचारा, सांगतील की या माणसाच्या पोटात काही राहत नाही. मी ट्यून केलेल्या स्कूटरने पवईच्या चढावर बेस्टच्या बसला मागे टाकलं आणि बसचा कंडक्टर उतरून माझ्या पाया पडला, असले माझे किस्से. दर वेळी सांगताना त्या बसवर एक मजला चढतो. मग हीच गोष्ट का नाही सांगितली? हिच्यात वाढवायला जागा नव्हती म्हणून? की ही सांगितली असती तर बाकीचे सगळे किस्से ऐकायला कोणी उरलं नसतं म्हणून?

बघा, मी भरकटतोय. सरळ सांगतो.

वेसूमावशी गोराईची कोळीण. मालाडच्या मार्केटात मासळी विकते. नवरा गेल्यावर होडी समुद्रात न्यायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून तिने होडी विकली आणि नवी कोरी पिकअप घेतली. पण गाडीला ती होडीच म्हणायची. नारळी पौर्णिमेला बोनेटवर झेंडूचा हार, चाकापुढे नारळ. आणि नारळ फोडायचा मान ज्याच्या हातात सुकाणू त्याचा, म्हणजे ड्रायव्हरचा.

ड्रायव्हर प्रकाश. माझा पक्या. आमचे दोघांचे बाप कोकणातून आले, एकाच गिरणीत, एकाच खात्यात लागले, आणि एकाच दिवशी घरी बसले. मी गॅरेज काढलं तेव्हा वेल्डिंग मशीन, जॅक, लोखंडी टेबल, सगळं सामान पक्याने वाहिलं, वर शटरला रंगही त्यानेच दिला. अजून तोच रंग आहे.

तो गोराईहून हौदा भरून बर्फाच्या पेट्या आणायचा, उत्तनच्या बाजूने चढ चढून, लांबचा फेरा मारून मालाडला. उरलेला माल अंधेरीच्या हॉटेलांना टाकून माझ्याकडे चहाला. आल्या आल्या रडगाणं: “मेल्या, चढाक लागली की गाडी गरोदर बाईसारखी चालते रे. रिक्षावाले हात दाखवून पुढे जातात.”

आता आमच्या धंद्यातली गोष्ट थोडी सांगायला हवी. हल्लीच्या गाडीचं डोकं म्हणजे एक डबा, छोटा कॉम्प्युटर. डिझेल किती सोडायचं, हवा किती दाबायची, ते तो ठरवतो. लॅपटॉप जोडून त्याच्यातलं लिखाण बदललं की तीच गाडी भूत लागल्यासारखी पळते. त्याला आम्ही मॅप मारणं म्हणतो. कंपनीला कळलं तर वॉरंटी गेली. म्हणून मूळचं लिखाण आपल्याकडे जपून ठेवायचं, सर्व्हिसिंगच्या आधी परत टाकायचं. जसं काही घडलंच नाही.

एके दिवशी पक्या नाक्यावर वडापाव आणायला गेला आणि मी त्याच्या गाडीला लॅपटॉप जोडला. त्याला सांगितलं, लाइटची वायर सैल होती, बसवली. दुसऱ्या दिवशी आला तो हसतच. चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढली म्हणे! मावशीने एकविरेला नवस केला असणार म्हणे! मीही हात जोडले — देवीची कृपा.

किती छान वाटतं ना ऐकायला? मित्राचे हाल बघवले नाहीत म्हणून गुपचूप केलं. मी स्वतःला बरीच वर्षं असंच सांगत आलो. खोटं आहे. तो मॅप माझ्या हातात नवा आला होता आणि मला तो कुठेतरी मारून बघायचा होता. गिऱ्हाइकाच्या गाडीवर माझी हिंमत नव्हती. काही बिघडलं तर गिऱ्हाईक कॉलर धरतं. मला अशी गाडी हवी होती जी रोज वजन घेऊन चढ चढेल, आणि असा माणूस हवा होता जो मला काही विचारणार नाही. असा माणूस मला एकच माहीत होता.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी काहीतरी निमित्त काढून मी मूळचं लिखाण टाकलं. नंतर आणखी जोराचा मॅप मारला. दुसऱ्या सर्व्हिसिंगला पुन्हा तेच. पक्या म्हणाला, काळा धूर टाकते रे. मी म्हटलं, डिझेल खराब मिळतं हल्ली. किती सहज म्हटलं!

मे महिन्यात एका सकाळी भरल्या हौद्यासकट गाडी चढावर बसली. पक्याने पहिला फोन मला केला. मी बाइकवरून पोचलो तेव्हा पेट्यांतून पाणी गळत होतं आणि पक्या ओलं गोणपाट मासळीवर टाकत धावत होता. आवाजावरूनच मला कळलं, पिस्टनला भोक पडलंय. आणि मी काय केलं? चेक करतो म्हणून केबिनमध्ये बसलो, लॅपटॉप काढला आणि मूळचं लिखाण परत टाकलं. बाहेर मित्र बर्फ वाचवत होता, आत मी स्वतःला वाचवत होतो.

म्हणून तर सर्व्हिस सेंटरमध्ये मी एवढा ओरडू शकलो. मावशीने मला यातला जाणकार म्हणून सोबत नेलं होतं. गाडी वॉरंटीत आहे, तिला चिंता नव्हती. मलाही नव्हती. मी काउंटर बडवत होतो आणि तिथल्या इंजिनिअरने शांतपणे स्क्रीन आमच्याकडे वळवली. डब्यात किती वेळा लिहिलं गेलं, याची मोजणी आतच राहते म्हणाला. ती पुसता येत नाही. कंपनीने एकदाही लिहिलेलं नाही. इथे सहा दिसतंय.

सहा. बरोबर होतं. पण अशी मोजणी आत राहते हेच मला माहीत नव्हतं — एवढा मोठा ट्यूनर मी!

मावशी माझ्याकडे वळली. तिचा आवाज मार्केटात चार गाळे ओलांडून जातो; त्या दिवशी जेमतेम ऐकू आला. “तुला कलतं यातला. मना खरा सांग, कोनी केला?”

पक्या किल्ली हातात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. संशयाने नाही हो — संशयाने बघितलं असतं तर कदाचित माझं तोंड उघडलं असतं. तो भरवशाने बघत होता. आता हा बोलेल आणि सगळं मिटेल, असं.

मी म्हणालो, “ड्रायव्हर लोक करतात असं, मावशी. जोर हवा असतो त्यांना.”

एवढंच. आयुष्यभर बडबड केली; ज्याने एक माणूस बुडाला ते वाक्य मात्र एवढंसंच निघालं, आणि मी ते हळू आवाजात बोललो.

पक्या भांडला नाही. त्याने किल्ली काउंटरवर ठेवली. वॉरंटी गेली. इंजिन शेवटी मीच उघडलं, माझ्याच गॅरेजमध्ये, आणि त्याबद्दल मावशीने माझ्या घरी पापलेटं पाठवली. मी ती खाल्ली. त्या नारळी पौर्णिमेला नवा ड्रायव्हर ठरला नव्हता, म्हणून तिने नारळ माझ्या हातात दिला. एका फटक्यात फुटला. कोळीवाड्याने टाळ्या वाजवल्या. तो किस्सा मी गल्लीत कधी सांगितला नाही.

एक शब्द बोललो असतो तर? आता बोललो तर? मावशीने नंतर ती गाडी विकून टाकली. पक्याला कोळीवाड्यात पुन्हा कोणी गाडी दिली नाही.

मागच्या महिन्यात तो बोरिवलीला दिसला. रस्त्याच्या कडेला पिवळी स्कूल बस लावून काच पुसत होता. केस पांढरे झालेत. मी बाइक थांबवली. काय बोलायचं ते सगळं कधीपासून तयार होतं, शब्दन् शब्द. तोंडातून निघालं ते असं: “काय रे पक्या, गाडी कशी पळते?”

त्याने फडकं पिळलं.

“कंपनीने दिली तशी.”