राहीबाईचा तांब्या

नगरच्या स्टेशनातून गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर शुभवर्तमानाच्या पुस्तिकांचं गाठोडं होतं आणि पायाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली औषधाची बाटली. खराब झालेल्या विहिरींत टाकतात ते लाल औषध. भाद्रपदात सीनेला अचानक पूर आला, काठची गावं चिखलात गेली, ही बातमी आमच्या मंडळीत उपासनेनंतर सांगितली गेली. सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. मुलींच्या शाळेत शिकवणारी, मागे-पुढे कुणी नसलेली बाई अशा वेळी सगळ्यांना एकदम आठवते. मीही आढेवेढे घेतले नाहीत. नगरात बसून उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा एकदा शेळ्या तरी पाहून येऊ म्हटलं.

दौंडला गाडी बदलताना हमालाने माझी वळकटी भलत्याच डब्यात टाकली. ती हाती येईपर्यंत केम स्टेशन मागे पडलं होतं आणि माझ्या तोंडाचा पट्टा चालून चालून थकला होता. खिडकीबाहेर एरवी या दिवसांत दिसावं तसंच दिसत होतं, काळी रानं आणि अधूनमधून बोरी-बाभळी. मोहोळच्या पुढे सीनेचा पूल आला तेव्हा मात्र डब्यातले सगळे खिडक्यांशी दाटले. बाभळींच्या पार शेंड्यांना वाळलेलं गवत आणि चिंध्या अडकल्या होत्या. पाणी तिथवर चढलं होतं.

सोलापुरात उतरले ती गिरणीच्या भोंग्याबरोबरच. तिथलं आमचं देऊळ (आम्ही ख्रिस्ती लोकही प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतो) गिरणीच्या चाळींना लागून आहे, पत्र्याचं छप्पर आणि शेणाने सारवलेली जमीन. दाराशी एक मोठा रांजण ठेवलेला. घरोघरच्या बाया सकाळी दळायला बसण्याआधी ज्वारीची एक मूठ बाजूला काढतात आणि रविवारी ती या रांजणात आणून ओततात. याला त्या नुसतं 'मूठ' म्हणतात. ज्यांच्या स्वतःच्या घरात महिन्याअखेरीस खडखडाट असतो अशांची ही मूठ. त्या रविवारी रांजण भरला आणि उरलेली ज्वारी बायांनी पदरात धरून ठेवली होती. शेजारच्या विणकराच्या घरातून, जे आमच्या मंडळीतलेही नव्हेत, एक तेलुगू बोलणारी बाई दोन घोंगड्या घेऊन आली आणि खुणेनेच 'पुराच्या माणसांना' असं सांगून निघून गेली. माझ्या औषधाच्या बाटलीचा मला वाटत होता तेवढा तोरा राहिला नाही.

गावी जायची तुकडी तिथल्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी आधीच ठरवली होती. गिरणीत स्वतःच्या जागी बदली माणूस उभा करून निघालेले सात-आठ जण, आणि त्यांचा म्होरक्या शांतवन. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा. आम्ही निघालो होतो ते गाव याचंच. लहानपणी तिथल्या महारवाड्यातून आईबरोबर सोलापूरला आला तो पुन्हा गेला नव्हता. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकट्या त्याच गावाचं नाही.

शांतवनची आई राहीबाई देवळामागच्या खोलीत ज्वारी निवडत बसली होती. दृष्टी अधू, पण खडा बोटाला बरोबर लागायचा. निघताना तिने लेकाच्या हातात पितळेचा तांब्या दिला.

"त्या हिरीचं पानी आन मला," ती म्हणाली. "पर तू शेंदून आन. कुनी वरनं घातल्यालं नगं."

पाळकसाहेबांनी मला वाटेत सांगितलं ते असं. गावाच्या विहिरीच्या कट्ट्यावर महारवाड्यातल्या बायांनी चढायचं नाही. घागर घेऊन खाली उभं राहायचं, आणि कुणाला दया आली की त्याने वरून पाणी ओतायचं. राहीबाई शांतवनला कडेवर घेऊन अशी कितीतरी सकाळी उभी राहिली होती. माझ्या आजोबांनी धर्म बदलला त्याला आता दोन पिढ्या झाल्या. पाण्याचा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता, आणि ऐकताना मला शरमेपेक्षा रागच अधिक आला.

दुसरा राग पाळकसाहेबांचा आला. माढ्याच्या स्टेशनावर उतरल्यावर त्यांनी माझं पुस्तिकांचं गाठोडं स्टेशनमास्तरांकडे ठेवायला लावलं. मी म्हटलं, आपण काय निव्वळ हमाली करायला आलोय का? ते शांतपणे म्हणाले, "बाई, पाण्याबरोबर पुस्तक दिलं की ते पाणी राहत नाही, किंमत होते." मला ते पटलं नव्हतं.

बैलगाडीने गावात शिरलो ते नाकाला पदर लावून. पुराचं पाणी विहिरीत शिरलं होतं, विहीर अर्धी चिखलाने भरली होती, आणि वाहून आलेला एक बैल तिच्यात मरून पडला होता. पूर्वी मेलेलं जनावर ओढायला महारवाड्यातल्यांना हाक जायची. आता त्यांनी ते काम एकजुटीने सोडून दिलेलं. वरच्या आळीतलं कुणी हात लावेना. लोक नदीच्या डबक्यांतलं पाणी फडक्यातून गाळून पीत होते आणि पटकीने माणसं दगावत होती. अशा वेळी आम्ही आलो म्हणून विहिरीत उतरायला कुणी हरकत घेतली नाही. दोर सोडायला मात्र कुणी पुढेही आलं नाही.

आमचं बिऱ्हाड महारवाड्यातल्या चावडीत होतं. रांजणातल्या मुठीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, इतकी तिखट की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि वाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच संध्याकाळी मी शांतवनला विचारलं की, तुझ्या भावकीने जे काम टाकून दिलं तेच करायला तू कसा आलास?

"गावकीचं काम म्हून न्हाय करत, बाई," तो म्हणाला. "तवा करावं लागत हुतं. आता मी माज्या मनानं करतुया."

काही दिवस माणसं कमरेला दोर बांधून उतरत राहिली. बैल निघाला, मग टोपल्यांमागून टोपल्या चिखल. वर आलेल्या माणसाजवळ बसवत नसे, इतका वास. गावातली माणसं लांब पिंपळाखाली बसून बघत. त्यांत रोज एक म्हातारी असे, पाटलीणबाई, गावच्या पाटलांची आई. तिची धाकटी सून पटकीतून नुकती कशीबशी वाचली होती. ती सकाळी येऊन बसायची ती उन्हं डोक्यावर येईपर्यंत, आणि कुणाशी चकार शब्द बोलायची नाही.

शेवटी तळाचे झरे मोकळे झाले आणि निवळ पाणी चढू लागलं. मग माझी पाळी आली. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं मी औषध बादलीत कालवून विहिरीत सोडलं, आणि उत्साहाच्या भरात हात जरा सैलच सुटला. बघता बघता सगळी विहीर गुलाबी झाली. मला वाटलं, आता गाव टाळ्या पिटणार.

गाव पिंपळाखालून उठून दूर सरकलं. थोड्याच वेळात कानावर आलं ते असं : किरिस्तावांनी हिरीत काहीतरी घातलं, हे पाणी जो पिईल तो बाटला. पूर्वी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली, ही गोष्ट कोकणातून कशी कोण जाणे या कोरड्या मुलखातही पोचली होती. मी औषधाची बाटली दाखवली, घसा फोडून सांगितलं. माझ्याच डोळ्यांदेखत बाया घागरी घेऊन नदीच्या डबक्याकडे वळल्या. पुस्तिकांचं गाठोडं माझ्या काखेत असतं तर काय झालं असतं, हे मला तेव्हा कळलं.

तेव्हा पाटलीणबाई उठली आणि काठी टेकत विहिरीपाशी आली. सरळ शांतवनपुढे उभी राहिली.

"तू राहीचा ल्योक न्हवं?"

"व्हय."

"ह्यात काय वंगाळ न्हाय म्हंतोस?"

"न्हाय, आईसाब. दवा हाय."

"मग आदी तू पी. माज्या म्होरं. हितं, वर चढून."

सगळं गाव ऐकत होतं. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आलं की नाही, मला अजून सांगता येत नाही. शांतवन कट्ट्याची पायरी चढला. आजवर त्याच्या वाड्यातलं कुणी तिथे पाणी भरायला चढलं नव्हतं. त्याने पोहरा (विहिरीत सोडायचं भांडं) खाली सोडला, दोर हळूहळू वर ओढला, ओंजळ भरली आणि प्याला. मग पुन्हा पोहरा सोडला, आईचा तांब्या धुतला आणि काठोकाठ भरून घेतला.

पाटलीणबाई उन्हं कलेपर्यंत त्याच्याकडे बघत तिथेच बसली. त्याला ना ओकारी झाली, ना तो मरून पडला. मग तिने थोरल्या सुनेकडून पाणी शेंदवलं आणि सगळ्यांसमोर प्याली. दुसऱ्या सकाळी रंग उतरला होता आणि विहिरीवर घागरींची रांग लागली होती. त्या गावात पटकी तिथेच थांबली, हे वाड्यातल्या बायांनीच मला नंतर सांगितलं.

निघायच्या आधी शांतवन पाणी प्यायला विहिरीकडे गेला. पहिल्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच वरून एका माणसाने हाक दिली, अगदी गोड आवाजात, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, मी घालतो की वरनं." शांतवनने पाय मागे घेतला. मग "तान न्हाय," म्हणाला आणि मागे फिरला. उन्हात त्याचे ओठ सुकलेले मला दिसत होते.

पाटलीणबाई गाडीपर्यंत पोचवायला आली होती. लई उपकार झालं म्हणाली, भुईमुगाच्या शेंगांची टोपली दिली, तिचे डोळे भरून आले होते. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मला सर्वांत जास्त दुःख त्याचंच झालं. ती दुष्ट असती तर माझं काम सोपं होतं.

परतीच्या गाडीत शांतवनने तांब्याला फडकं बांधून तो मांडीवरून खाली ठेवला नाही. राहीबाई खोलीच्या उंबऱ्यात बसली होती. तिने तांब्या दोन्ही हातांत घेतला आणि वरून चाचपला.

"कुनी घातलं?"

"कुनी न्हाय. मी शेंदलं, आई. वर चढून."

तिच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या. ती इतकी हसली की तिचे उरलेले दात दिसले. तांब्या ओठांपर्यंत नेला, आणि मग थांबली.

"मग आता आपल्या वाड्यातल्या बाया बी शेंदत्यात की?"

शांतवनने माझ्याकडे पाहिलं.

"न्हाय, आई," तो म्हणाला.

राहीबाईने तांब्या खाली घेतला. हाताशी ज्वारी निवडायची ताटली होती, ती रिकामी करून तिने तांब्यावर झाकली आणि तांब्या कोनाड्यात सरकवला.

"त्या शेंदत्याल तवा पिईन," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला बसली.

नगरला परत आले त्या रविवारी मंडळीत सगळी हकिगत सांगितली. एका वडील गृहस्थांनी आस्थेने विचारलं की, गावातली किती माणसं प्रभूकडे वळली? मी खरं ते सांगितलं, एकही नाही. पुस्तिकांचं गाठोडं जसंच्या तसं परत आणलंय, हेही सांगितलं. आमची मंडळी चांगली आहे, कुणी मला टोचून बोललं नाही. पुढच्या आठवड्यापासून आपल्याही देवळात मुठीचा रांजण ठेवावा, असं मात्र बायांनी ठरवलं.

सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे शाळेच्या आडावर गेले. इतकी वर्षं मी रोज तिथे पाणी शेंदते, दुसऱ्या कुठल्यातरी विचारात. त्या दिवशी दोर हातात घेतला आणि बराच वेळ मला पोहरा खाली सोडवेना.