सुटली म्हण, आई

लीड्समधल्या आम्हा मराठी बायकांना काहीही घ्यायचं असलं, की आधी सुहासिनीला फोन जातो. प्रॅम, कुकर, बर्फात घालायचे बूट, सासऱ्यांची काठी. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स असलेली ही बाई प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघते, शिवण ओढते, बक्कल दहादा उघडते. एका हँडबॅगपायी तिने माझा अख्खा शनिवार खाल्ला होता.

गेल्या मंगळवारी दुपारी तिनेच मला बोलावलं. "येतेस का? एक वस्तू निवडायचीय. एकटीने नाही होणार."

टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर तिचा मुलगा अपूर्व. तो टेक्सासात सासऱ्यांचं दुकान सांभाळतो. कपाळाला सात टाके. चार दिवसांपूर्वी दुकानावर दुसऱ्यांदा दरोडा पडला होता. पहिल्या दरोड्यानंतर त्याने पिस्तूल विकत घेतलं, तेव्हा सुहासिनीने फोनवरच त्याला गळ्याची शपथ घातली होती, की ते अंगावर बाळगायचं नाही. पोरगा लीड्समध्ये वाढलेला, मराठी मोडकंतोडकं, पण आईची शपथ मोडायची नसते हे त्याला पक्कं ठाऊक. पिस्तूल कपाटात राहिलं आणि त्याने मुकाट मार खाल्ला.

तेव्हापासून ती धड जेवली नव्हती. "मीच त्याचे हात बांधले गं," एवढंच म्हणत होती.

"आई, मी तुझा शपथ नाही मोडणार," अपूर्व म्हणाला. "पण तू सुटली म्हण ना. प्लीज. आय ॲम स्केअर्ड."

माझं डोकंच फिरलं. "अरे, दुकान विक आणि घरी ये!"

"मावशी, शाल्मलीला सातवा महिना आहे. तिचे बाबा स्ट्रोकनंतर बेडवर आहेत. कसा येऊ?"



सुहासिनीने डोळे पुसले, चष्मा लावला. "दाखव."

तिथे पिस्तूल उघडपणे वागवायचं तर ते होल्स्टरमध्येच, म्हणजे कमरेला लावायच्या म्यानातच हवं. त्याने तीन होल्स्टर आणली होती. पहिलं चामड्याचं, देखणं. "नको. कुणीही मागून खेचून घेईल." दुसऱ्यात चाप उघडा राहत होता. "वेडा आहेस का?" तिसरं कडक प्लास्टिकचं, अंगठ्याने खटका दाबल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नव्हतं.

"रिकामं आहे ना? परत बघ. आता कमरेला लाव. शाल्मली, मागून ओढ गं."

पोट सांभाळत शाल्मलीने ओढलं. निघालं नाही.

"अजून जोरात. अजून."

दहा वेळा ओढायला लावलं. थिएटरमध्ये तिने गोळी लागलेली दोन माणसं पाहिली आहेत. दोघांची नावं तिला अजून पाठ आहेत.

"हेच घे," ती शेवटी म्हणाली.

"आणि शपथ?"

तिने टेबलाची कड घट्ट धरली. मला वाटलं, आता ही नाहीच म्हणणार.

"सुटली," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

मी चहा ठेवायला उठले, तर तिने माझा हात पकडला. तिचा अंगठा हवेतच तो खटका दाबत होता.

"दुसऱ्या कुणाला ते काढता येणार नाही," ती म्हणाली. "पण वेळ आली तर त्याला तरी काढता येईल ना गं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला विचारत होती.