मधुकरभाऊंनी शेवटचं काय मोडलं

पोळ्यानंतरचा दुसरा रविवार, दुपार. स्थळ : कुरखेड्यातलं आमचं कार्यालय. हजर : कॉम्प्युटर सांभाळणारी सुनंदा, जीप चालवणारा देवाजी, माजरीहून आलेल्या लीलाबाई आणि संस्थेची व्यवस्थापक म्हणून मी. गैरहजर : बाकी सगळे, म्हणजे मधुकरभाऊंनी ज्यांना कधी ना कधी रडवलं होतं ते. लीलाबाई त्यांच्या पत्नी. भाऊ जाऊन काही आठवडे झाले होते आणि शोकसभा घ्यायची तर नीट घ्यावी म्हणून मी सतरंजी, फोटो, हार अशी सगळी तयारी केली होती. उभं राहून शांतता पाळून झाली, आणि खाली बसता बसता देवाजी म्हणाला, "आता तरी कॉम्प्युटर धड चालंन ना, बाई?" त्याला कोणी रागावलं नाही. लीलाबाई तर हसल्या. म्हणाल्या, "मा घरचा मिक्सर मातर शेवटपावतर नाई दुरुस्त केला त्यायनं."

आमची संस्था लहान. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची माहिती ठेवायची, रक्तगट, औषधं, मागचा त्रास कधी झाला ते सगळं, आणि रुग्णाला दवाखान्यात हलवताना त्याचा कागद छापून सोबत द्यायचा. नागपूरच्या एका डॉक्टरांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला होता. त्यात बाजारातून कॉपी करून टाकलेलं सॉफ्टवेअर होतं. व्हायरस शिरायचा, चंद्रपूरहून माणूस यायचा, सगळं पुसून नवं टाकायचा आणि जायचा. मग कोणीतरी मधुकरभाऊंचं नाव सांगितलं. ते कोळसा खाणीच्या वर्कशॉपातले इलेक्ट्रिशियन, लवकर निवृत्ती घेऊन लिनक्स या फुकट, खुल्या सॉफ्टवेअरच्या मागे लागलेले. आल्या आल्या त्यांनी जुनं सगळं काढून लिनक्स टाकलं. मी विचारलं, "हे फुकट आहे म्हणून चांगलं का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. "फुकट आहे म्हणून नाई टाकून राह्यलो, बाई. याचं पोट उघडता येते. उघडा, पाहा, शिका... अना मले बोलवू नका." पडद्यावर येणारे संदेशही त्यांनी बसून आपल्या बोलीत केले. प्रिंटरमधला कागद संपला की आजही पडद्यावर येतं, "कागद नाई. आता का झाड तोडून आणू?"

त्यांची शिकवण्याची पद्धत त्यांच्या उस्तादाकडून आलेली. तो वर्कशॉपातली चालू मोटर मुद्दाम बिघडवायचा आणि डबा खायला निघून जायचा. भाऊ तेच करायचे. येऊन सगळं नीट करायचे आणि निघण्याआधी, कोणाला न दाखवता, एक काहीतरी मोडून बस पकडायचे. पुढच्या खेपेपर्यंत ते शोधून दुरुस्त करायचं सुनंदाने. ती ढिवराची पोरगी, बारावी झालेली, तलावात जाळं टाकणाऱ्या बापाशीही न घाबरता भांडणारी. पण भाऊंची बस दिसली की ती रडकुंडीला यायची.

एकदा भाऊ माजरीला घरी परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक बाई दुखण्याने कळवळणारं पोरगं घेऊन आली. कागद हवा होता आणि पडदा काळा, वर नुसत्या अक्षरांच्या ओळी. सुनंदाने माजरीला फोन लावला. भाऊ म्हणाले, "मोडलं कोनं? मीनं. दुरुस्त कोन करंन? तू." आणि फोन ठेवला. ती बाई पायरीवर बसलेली, पोरगं ओरडतंय, आणि सुनंदा रडत रडत एकेक ओळ वाचतेय. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क जोडायची ते सांगणाऱ्या ओळीत भाऊंनी एक अक्षर बदललं होतं. ते तिला सापडलं. कागद छापला, जीप निघाली. पोरगं वाचलं. दवाखान्यात मात्र तो कागद कोणी उघडूनही पाहिला नाही.

मी त्याच आठवड्यात सगळ्या कागदांची एक जादा प्रत कपाटात ठेवली आणि भाऊंना सांगितलं, हे थांबवा. "मेल्यावर थांबवतो," म्हणाले. एवढं मात्र कबूल केलं, की रुग्णांच्या माहितीला हात लावणार नाही.

शेवटचे आले तेव्हा डायलिसिस सुरू झालेलं होतं. तोंड सुजलेलं, दंडाला पट्टी. चहा परत पाठवला, कारण पाणीसुद्धा मोजून प्यायचं होतं. दार लावून बराच वेळ आत बसले. निघताना जीपपाशी म्हणाले, "मोडलं हाय."

"काय मोडलं, भाऊ?" सुनंदाने विचारलं.

"तेच सांगतलं तं मंग तुले ठेवलं कायले?"

"आता तरी राहू द्या ना. तब्येत पाहा आपली," मी म्हणाले.

"तब्येतीचा अना याचा का संबंध, वो?"

सुनंदा संतापली. "तुमी मराल ना, तवा मी पेढे वाटीन."

भाऊंचा चेहरा उजळला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "पेढे नको वाटू. बॅकअप घे."

शोकसभेत लीलाबाईंनी सांगितलं, की दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांनी स्वतःच्या पोरांचीही चौकशी केली नाही. एकच विचारायचे, "सुनंदाचा फोन आला का?" सुनंदा सतरंजीचा धागा उपसत बसली होती. फोन तिने केला नव्हता. सापडल्याशिवाय करायचा नाही, असं तिने ठरवलं होतं...

यंत्र सध्या व्यवस्थित चालतं. काय काय तपासायचं ते मी लिहून दिलं. छपाई, बॅकअप, तारीख, फोनची जोडणी, सगळं ठीक. देवाजीचं म्हणणं, म्हाताऱ्याने काहीच मोडलं नव्हतं, जाता जाता टोचून गेला. सुनंदा त्याच्यावर उखडली. "भाऊ शिव्या देत होते. लबाड नाई बोलत होते."

दर शनिवारी दुपारी ती दार लावून घेते आणि यंत्राचं पोट उघडून बसते. कार्यालयातल्या फळ्यावर मी महिन्याची कामं लिहिते, झाली की पुढे खूण करते. हातपंपाची तक्रार : झाली. औषधांची मागणी : झाली. खाली सुनंदाच्या अक्षरात एक ओळ आहे, ती मी दर महिन्याला फळा पुसताना तशीच ठेवते. 'भाऊंनी काय मोडलं ते शोधणे.' तिच्यापुढे खूण नाही.