दोन सपाट रेषा

"निगेटिव्ह टाक आणि मोकळी हो," आमच्या लॅबचे सर फोनवर म्हणाले. "डॉक्टर खोळंबलेत. निगेटिव्ह असेल तर पेशंटला आजच घरी सोडणार आहेत."

पेशंट म्हणजे जूचंद्र गावचा एक शेतकरी. लावणीच्या चिखलात उभा राहिलेला, चार दिवस ताप. टेस्ट लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची. त्याची बायको सकाळपासून आमच्या काउंटरसमोर बसलेली.

"सर, कंट्रोलची रेषाही सपाट आहे."

हे जरा समजावते. पीसीआरमध्ये जंतूच्या डीएनएच्या नकला होतात, पण त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून प्रोब, म्हणजे त्या डीएनएलाच नेमका चिकटणारा छोटा तुकडा. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा. नक्कल होताना प्रोब कुरतडला जातो, दोघे सुटे होतात, उजेड पडतो, स्क्रीनवर रेषा चढते. शिवाय प्रत्येक नमुन्यात आम्ही एक ओळखीचा डीएनए मुद्दाम घालतो, त्याचा प्रोब वेगळ्या रंगाचा. तो कंट्रोल. तोही चमकला नाही, तर रिॲक्शन झालीच नाही.

"हे निगेटिव्ह नाही सर, इनव्हॅलिड आहे."

"तीन तास गेले. कारण सांग."

ट्यूब हातात घेतली. बूच हिरवं. हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन असतं, ते पीसीआर बंद पाडतं. आम्हाला जांभळं बूच लागतं. बारकोड मीच चिकटवला होता. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, ते मी सगळ्यांना सांगते. म्हणून ही चूकही सरांना सांगितली.

"एम.एस्सी. झालीस ना? रंग ओळखता येत नाहीत?"

"येतात सर. बघितला नाही."

डॉक्टरांना कळवलं, रिपोर्ट नाही, थांबा. मग मी बाहेर काउंटरवर गेले.

"मावशी, रक्त पुन्हा घ्यावं लागेल. चूक माझी आहे."

"अजून रगत? पोटात पानी ठरत नाय त्याच्या, रगत कुठनं आनू?"

वॉर्डात फोन करून जांभळ्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त मागवलं. पाय दुखत होते. दुसरा नमुना आला, आधी बूच बघितलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. कंट्रोल चढला. पाठोपाठ लेप्टोची रेषाही.

डॉक्टरांनी सोडलं नाही. दोन दिवसांनी त्याची लघवी कमी झाली, किडनीवर आलं, तेव्हा तो वॉर्डात होता, घरी नव्हता. दहा दिवसांनी चालत गेला. मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबरच होतं.

मशीनने 'नाही' म्हटलं, की आधी बघायचं, त्याला 'हो' म्हणता येत होतं का.