स्पिरिटचा बोळा

अपघात विभागातल्या त्या परिचारिकेला सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणत. आई गेल्यापासून दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत तिची जीभ कमी आणि हात जास्त चालला. कुणाची शीर सापडेनाशी झाली की डॉक्टर तिलाच हाक मारत. तिच्याशी रोज हमखास दोन शब्द बोलणारा एकच माणूस होता, फाटकावरचा म्हातारा रखवालदार. “सिस्टर, आजही पाच मिनिटं आधी? घड्याळाला लाजवता तुम्ही!” असं म्हणून तो हसायचा. सगळे त्याला काका म्हणत.

एका दुपारी फाटकासमोरच एका मोटारीने काकांना उडवलं. आत आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचे डोळे सिस्टरनेच मिटले.

तासाभराने पोलीस मोटारवाल्याला घेऊन आले. त्याच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, रक्त घ्या.” तिने त्याचा दंड आवळला, ट्रेमधला ओला बोळा उचलून कातडी पुसली आणि सुई टोचली. रक्त नळीत चढू लागलं तेव्हा तिचं लक्ष बोळ्याकडे गेलं. बोळा स्पिरिटचा होता. स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. दारूच्या तपासणीचं रक्त घेताना ते वापरायचं नाही, हे नव्या मुलींना तीच शिकवायची. दुसऱ्या हाताचं रक्त पुन्हा घ्यावं, असं तिच्या मनात आलं. पण पोलीस घाई करत होते आणि पडद्यापलीकडे काका निजले होते. तिने बाटली सीलबंद करून देऊन टाकली.

दीड वर्षाने साक्षीचं बोलावणं आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी तिला बाजूला घेतलं.

“कातडी कशाने पुसली ते विचारतील. आठवत नाही म्हणा, बस.”

“पण मला आठवतंय, साहेब.”

“ताई, अहवालातला आकडा बघा. बोळ्याने एवढा चढतो का?”

चढत नाही, हे तिलाही कळत होतं. तो माणूस प्यायलेला होता, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर समोर काकांची मुलगी दिसली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, “सुई टोचण्याआधी कातडी कशाने पुसलीत?”

“स्पिरिटने.”

“ते वापरायचं नसतं, हे माहीत होतं?”

“होतं. चूक झाली.”

न्यायाधीशांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ते पुन्हा लिहायला लागले.

निकालात रक्ताचा अहवाल विचारात घेतला गेला नाही. बेदरकारपणे गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, ती थोडकी. दारूचा आरोप टिकला नाही. बाहेर पायऱ्यांवर काकांची मुलगी तिला आडवी आली.

“मावशी, गप्प राहिला असतात तर काय बिघडलं असतं?”

सिस्टरला पुष्कळ सांगायचं होतं. उद्या अशाच बोळ्यापायी एखादा न प्यायलेला माणूस अडकेल, असं काहीतरी. पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना. “चूक माझीच गं,” एवढंच ती म्हणाली. मुलीने तोंड फिरवलं.

विभागात कुणी तिला टाकून बोललं नाही. फक्त ती आली की चहाच्या टेबलावरच्या गप्पा थांबायच्या. चार दिवसांनी तिने आपणहून कप औषधाच्या कपाटापाशी न्यायला सुरुवात केली. अशा रक्तासाठी साबणपाण्याचा वेगळा ट्रे ठेवावा, असा अर्ज तिने दिला. तो मंजूर झाल्याचं तिला सूचनाफलकावरून कळलं.

दूरगावचा भाऊ रविवारी फोन करायचा. त्या रविवारीही आला.

“ताई, काय विशेष?”

“काही नाही रे. पोरं बरी आहेत ना?”

पोरांचं सगळं ऐकून होईपर्यंत दहा मिनिटं गेली. मग तिने एका माणसापुरता भात टाकला.