शोभेची मुरुडशेंग

पनवेलच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा ज्याच्या त्याच्या अंगणात जास्वंद आणि तगर. मला काहीतरी वेगळं हवं होतं. म्हणून कर्नाळ्याच्या रानातून मुरुडशेंगेचं रोप आणून लावलं. तिसऱ्या वर्षी झुडूप शेंगांनी लगडलं, एकेक शेंग पिळलेल्या सुंभासारखी. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मी त्या दाखवत असे. "आधी पाणी तरी विचारा त्यांना," बायको म्हणायची.

पंचाईत अशी की, माझी ही शोभा म्हणजे गावाचं औषध. ही शेंग सहाणेवर उगाळून तान्ह्या बाळाला गुटीत देतात, पोटातला मुरडा थांबतो. त्यामुळे कुठे पाळणा हलला की आमचं फाटक वाजायचं. मी सगळ्यांना वाटेला लावत असे.

करंज्याची मासळीवाली मावशी मात्र हटेना. टोपली उतरवून पायरीवरच बसली.

"मास्तर, एक शेंग दे ना. नातवाचं पोट दुखतं."

"शोभेसाठी ठेवल्यात त्या."

"शोभंला काय करायचंय? पोर ररतंय तिकरं!"

शेवटी दिली. पण माझी हुशारी बघा, झाडभर शोधून सगळ्यांत खुजी, टोक मोडलेली शेंग काढली.

बाकीच्या झाडावरच मिरवल्या आणि पावसाच्या झडीत कुजून काळ्या पडल्या. त्याच पावसाळ्यात आम्हाला मुलगी झाली. पंधरा दिवसांत तिचं पोट दुखू लागलं, रडून रडून लालबुंद व्हायची. बायको नुसती झाडाकडे बघायची. बाजारात काष्ठौषधींचं दुकान होतं, पण त्या दुकानदारापुढेही मी झाडाची फुशारकी मारलेली. तरी पोरीपुढे कसली अब्रू? छत्री उघडली, तोच सुकट घेऊन मावशी दारात. आतलं रडणं ऐकून तिनं विचारलं आणि मी खरं ते सांगून टाकलं. मला फार लाज वाटली.

तिनं कनवटीची चिंधी सोडली. आत शेंग होती. झिजून पेराएवढी उरलेली, पण मोडकं टोक मी लगेच ओळखलं. नातू बरा झाल्यावर मावशी ती गिऱ्हाइकांच्या घरोघर फिरवत होती.

बायकोनं सहाण पुढे केली. मी मान खाली घालून उगाळायला बसलो.

"जपून घास, मास्तर," मावशी म्हणाली. "अजून दोन घरी द्यायची हाय."